दाताच्या मुळाचे शेवटचे तीन मिलिमीटर

रूट कॅनाल होऊन पाच-सहा वर्षं लोटलेली असतात. कॅप बसलेली असते, दात दुखत नसतो, शेंगदाणे-चकल्या सगळं व्यवस्थित चावून होत असतं. मग एक दिवस दात घासताना हिरडीवर, मुळाच्या बाजूला, मुगाएवढी पुळी दिसते. दाबली की पू येतो, तोंड खारट होतं आणि पुळी बसते. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उगवते. दुखत नाही म्हणून माणूस सहा महिने काढतो. मध्येच कधीतरी केमिस्टकडून अ‍ॅमॉक्सिसिलिनची पट्टी आणून खातो. पुळी जाते, आणि महिन्याभरात परत हजर.

पुळी दुखत नाही, यात बरं वाटण्यासारखं काही नाही. आतल्या पुवाने बाहेर पडायला वाट करून घेतली आहे, त्यामुळे दाब साचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही वाट बुजली की रातोरात गाल सुजतो. सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरू लागली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, ताप भरला, तर दवाखान्याची वेळ पाहत बसायचं नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं.

आता अँटिबायोटिकने हे का जात नाही ते पाहू. गोळीतलं औषध रक्तातून फिरतं. रूट कॅनालमध्ये आपण ज्याला ‘नस’ म्हणतो तो मऊ भाग काढून टाकलेला असतो, म्हणजे दाताच्या आत रक्त जातच नाही. मुळाबाहेरच्या हाडात शिरलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचतं, म्हणून पुळी तात्पुरती बसते. मुळाच्या आत, नळीच्या भिंतीला थर करून चिकटलेले जंतू मात्र जागचे हलत नाहीत. कोर्स संपला की जंतूंचा पुरवठा पुन्हा सुरू.

पण रूट कॅनाल झालं होतं, तर आत जंतू राहिले कसे? मुळातली नळी चित्रात दाखवतात तशी एक सरळ पोकळी नसते. नदी समुद्राला मिळताना फाटे फोडते तसे ती मुळाच्या टोकाशी बारीक फाटे फोडते. या फाट्यांत फाइल, म्हणजे नळी घासायची बारीक सुई, शिरत नाही. औषधाचं पाणी शिरलं तर शिरलं. कधी एखादी अख्खी नळी सापडायची राहून जाते. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा दुसरी नळी असते, आणि ती इतकी बारीक की मायक्रोस्कोपशिवाय चुकणं सहज शक्य आहे. कधी फाइलचा तुकडा आत मोडून राहतो, कधी वरची कॅप गळकी होऊन लाळ आत झिरपते. म्हणजे पुळी दिसायला एकच, कारणं अनेक.

यावर हिरडीच्या बाजूने जाऊन मुळाचं टोक कापण्याची शस्त्रक्रिया असते, पण तिचा निर्णय या कारणावर ठरतो. म्हणून ‘ऑपरेशन करावं लागेल’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: वरून, म्हणजे दाताच्या माथ्यातून, पुन्हा जाता येणार नाही का? जुनं रूट कॅनाल अर्धवट झालं असेल, नळी सुटली असेल, कॅप गळत असेल, तर आधी तेच उघडून नव्याने साफ करायचं. अख्खी नळी घाण ठेवून नुसतं टोक कापलं, तर काही महिन्यांत उरलेली घाण नव्या टोकातून झिरपणार. पूर्वी असं बरंच झालं, आणि त्यामुळेच या शस्त्रक्रियेचं नाव उगाच बदनाम झालं.

वरून जाणं खरोखरच अशक्य किंवा घातक असतं अशा जागा ठरलेल्या आहेत. नळीत लांब धातूची दांडी पक्की बसवलेली आहे आणि ती उपसताना मूळ तडकेल अशी भीती आहे. दात चार-पाच दातांच्या ब्रिजचा खांब आहे. नळी चुन्यासारख्या क्षारांनी बुजली आहे. किंवा पुन्हा केलेलं रूट कॅनालही उत्तम दिसतंय आणि तरी एक्स-रेतला काळा डाग, म्हणजे हाड विरघळल्याची खूण, वाढतोच आहे. या शेवटच्या प्रकारात कधी जंतू मुळाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर वसाहत करून बसलेले असतात, तर कधी टोकाशी स्वतंत्र पिशवी असलेली गाठ, म्हणजे सिस्ट, तयार झालेली असते. अशी गाठ नळीशी जोडलेली नसेल तर नळी कितीही घासा, ती जात नाही. अशा वेळी खालून, म्हणजे हिरडी आणि हाडाच्या बाजूने जायचं. डॉक्टर याला एपिकोएक्टॉमी किंवा एपिकल सर्जरी म्हणतात.

आधी दोषी दात नक्की कोणता ते ठरवावं लागतं, आणि तो पुळीसमोरचाच असेल असं नाही. त्यासाठी एक जुनी, स्वस्त आणि फार हुशार युक्ती आहे. रूट कॅनाल भरायला वापरतात ती गटापर्चाची बारीक काडी पुळीच्या तोंडातून हलकेच आत सरकवायची आणि एक्स-रे काढायचा. फिल्मवर पांढरी रेघ वाट काढत थेट गुन्हेगार मुळाच्या टोकाशी जाऊन थांबते. (हा गटापर्चा म्हणजे मलाया भागातल्या झाडांचा चीक. १८७० साली मुंबईहून एडनमार्गे सुएझला समुद्राखालून टाकलेल्या तारेच्या केबललाही याच चिकाचं वेष्टण होतं.) ती रेघ टोकाशी न जाता मुळाच्या मध्यावर गेली आणि हिरडीच्या कडेला एकाच जागी खोली मोजायची बोथट सुई खोल उतरली, तर मूळ उभं चिरल्याचा संशय घ्यायचा. तसं निघालं तर बहुतेक वेळा दात वाचत नाही.

मग त्या भागाचा छोटा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय चित्र देणारा, स्कॅन. साधा एक्स-रे म्हणजे सावली. तिच्यात पुढचं-मागचं एकावर एक पडतं. स्कॅनमध्ये हाड किती जाड आहे, वरच्या दाढेचं मूळ सायनसमध्ये, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीत, घुसलंय का, खालच्या जबड्यातली नस मुळापासून किती अंतरावर आहे, हे कळतं. खालच्या दोन उपदाढांच्या मुळांजवळ हाडाला एक भोक असतं. त्यातून निघणारी नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. तिला धक्का लागला तर ओठ काही आठवडे, क्वचित कायमचा, बधिर राहू शकतो. या जागेची शस्त्रक्रिया असेल तर हा धोका डॉक्टरांनी तोंडाने सांगायला हवा, नुसती सही घेऊन नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया खुर्चीतच होते, जागेपणी, दात काढताना देतात तीच भूल देऊन. तास-दीड तास लागतो. भुलीच्या इंजेक्शनमध्ये अ‍ॅड्रेनालिन असतं. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून घाईने चिरा न देता दहा-पंधरा मिनिटं थांबतात. इंजेक्शननंतर छाती थोडी धडधडली तर घाबरायचं नाही, ती लवकर शमते.

हिरडीला चिरा देऊन ती हाडावरून पडद्यासारखी उचलतात. पुष्कळदा खाली हाडाला आधीच भोक पडलेलं दिसतं, पुवानेच केलेलं. नसेल तर चार-पाच मिलिमीटरची खिडकी पाडतात. या वेळी ड्रिलचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा वाटतो, कारण ते हत्यारच वेगळं असतं. साध्या ड्रिलमधली हवा पुढे, जखमेत, सुटते आणि ऊतींत शिरून चेहरा फुगवू शकते. शस्त्रक्रियेच्या ड्रिलमधली हवा मागच्या बाजूने बाहेर पडते. हाड तापून मरू नये म्हणून सलाइनची धार सतत चालू असते. दुखत नाही, पण कंप कवटीत घुमतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

खिडकीतून तांबूस, मऊ मांसासारखा भाग खरवडून काढतात. तो फेकून द्यायचा नसतो. फॉर्मलिनच्या बाटलीत घालून बायोप्सीला पाठवायचा. बहुतेक वेळा ती साधी जंतुसंसर्गाची गाठ किंवा सिस्टच निघते, पण जबड्यात इतर आजारही असाच काळा डाग पाडून बसतात. बायोप्सीचा खर्च वाचवू नका.

यानंतर मुळाचं टोक कापायचं. किती? तीन मिलिमीटर. हा आकडा अंदाजपंचे आलेला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले सिंगकुक किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांचा अभ्यास करून दाखवलं की टोकाचे तीन मिलिमीटर काढले की टोकाशी फुटणारे सुमारे ९८ टक्के फाटे आणि ९३ टक्के आडव्या उपनळ्या त्याबरोबर जातात. त्याहून जास्त कापून फायदा फारसा वाढत नाही, मूळ मात्र आखूड होतं आणि दाताचा आधार घटतो.

कापलेल्या पृष्ठभागावर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब सोडतात, धुतात, आणि तीन-चार मिलिमीटरच्या चिमुकल्या आरशात मायक्रोस्कोपखाली पाहतात. सगळ्या प्रक्रियेतला मला सर्वांत आवडणारा क्षण हाच. मुळाभोवती एक निळं वर्तुळ उमटतं, कारण मुळाला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंचा थर रंग धरतो. वर्तुळ पूर्ण असेल तर मूळ आरपार कापलं गेलंय. मध्येच तुटलेलं असेल तर मागचा भाग अजून कापायचा राहिलाय. मधोमध गटापर्चाचा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत निळी रेघ गेली असेल तर दोन नळ्यांना जोडणारी फट सापडली, आणि बहुधा इतकी वर्षं पू तिथूनच येत होता. पण रेघ ठिपक्यापासून निघून मुळाच्या कडेपर्यंत गेली तर ती चीर. मग पुढचं सगळं थांबवून दात काढण्याचं बोलावं लागतं. ही शक्यता रुग्णाला आधीच सांगितलेली असावी, कारण खुर्चीत आडवं पडून, अर्धं तोंड बधिर असताना असा निर्णय कोणी घेऊ शकत नाही.

चीर नसेल तर अल्ट्रासॉनिक टोकाने नळीत खालून तीन मिलिमीटर खोल खड्डा करतात, तो कोरडा करतात आणि सिमेंटने बंद करतात.

जुनी आणि नवी शस्त्रक्रिया यांतला फरक मुख्यतः या शेवटच्या भागात आहे. पूर्वी मायक्रोस्कोप नव्हता. डोळ्यांना दिसावं म्हणून मूळ ४५ अंशांत तिरकं कापायचे. त्यात मागच्या बाजूची नळी निसटायची आणि हाडाचा खड्डाही मोठा व्हायचा. खड्डा ड्रिलच्या साध्या टोकाने पाडून त्यात अमाल्गम, म्हणजे चांदी-पाऱ्याचं मिश्रण, भरायचे. ते कालांतराने कडेने गळायचं, हिरडीवर राखाडी डाग सोडायचं. १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातल्या महमूद तोराबिनेजाद यांच्या गटाने एमटीए नावाचं मिश्रण मांडलं. हा मूळचा बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटच्याच घराण्यातला पदार्थ. एक्स-रेत दिसावा म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घातलेलं. दातांची बहुतेक सिमेंटं ओलाव्याने बिघडतात, हे ओलाव्यातच घट्ट होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शरीर त्याला परकं मानत नाही, त्याच्यावर नवा थर चढवतं. आता बायोडेंटिन आणि तयार मळलेल्या पुटीच्या रूपातली त्याची भावंडंही मिळतात, हाताळायला सोपी आणि लवकर घट्ट होणारी.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात जुन्या पद्धतीचं यश सुमारे ५९ टक्के आणि मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिक व नव्या सिमेंटच्या पद्धतीचं सुमारे ९४ टक्के आलं. हा आकडा निवडक दातांवर, तज्ज्ञांच्या हातून झालेल्या कामाचा आहे. लांब मुदतीत तो थोडा खाली येतो. तरी फरक इतका मोठा आहे की ‘असल्या ऑपरेशनचा काही उपयोग नसतो’ हे घरातल्या वडीलधाऱ्यांचं मत आता जुनं झालं. ते मत बनलं त्या काळात खरं असेल. म्हणून डॉक्टरांना विचारायला संकोच नको: मायक्रोस्कोप वापरणार का? टोकाला काय भरणार? हे काम रूट कॅनालमध्ये एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी, केलेल्यांचं, किंवा त्यांच्याबरोबर तोंडाच्या शल्यविशारदाचं. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे चौकशी करावी. रांग लागते, फेऱ्या पडतात, पण दात ‘काढून इम्प्लांट लावा’ या एकाच पर्यायावर येऊन अडत नाही. इम्प्लांट वाईट नाही. पण आपला दात अजून हाडात घट्ट उभा असताना, फक्त टोकाशी बिघाड असताना, तो काढून स्क्रू बसवण्याची घाई मला पटत नाही.

पुढचे दात सोपे, दाढा अवघड. खालच्या दुसऱ्या दाढेवर हाडाची जाड भिंत असते आणि मुळं आत, जिभेच्या बाजूला झुकलेली असतात. तिथे खिडकी पाडण्यापेक्षा वेगळाच मार्ग काही वेळा घेतात: दाढ अलगद काढायची, हातात सलाइनने सतत ओली ठेवून टोक कापून, भरून घ्यायची आणि पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा खड्ड्यात बसवायची. मुळावरचे तंतू सुकले नाहीत तर ते पुन्हा धरतात. काढतानाच दाढ मोडली तर मात्र डाव संपला. हे ऐकून रुग्ण चकित होतात, पण योग्य दाढेत हा शहाणपणाचा पर्याय आहे.

दाढेला दोन-तीन मुळं असतात आणि बिघाड एकाच मुळात असेल तर तेवढंच मूळ काढता येतं. वरच्या दाढेचं एक मूळ कापून डोकं तसंच ठेवतात. खालची दाढ मधोमध कापून खराब अर्धी काढतात आणि उरलेल्या अर्धीवर उपदाढेएवढी कॅप घालतात. इम्प्लांट आल्यापासून हे कमी होतं. जिथे करतात तिथे रुग्णाने त्या फटीत रोज बारीक ब्रश फिरवायचा असतो, नाहीतर उरलेलं मूळही किडतं.

मार लागून, क्रिकेटच्या चेंडूने किंवा बाइकवरून पडून हललेल्या दातात कधीकधी वर्षांनंतर मूळ बाहेरून झिजू लागतं. हिरडीजवळ दातावर गुलाबी ठिपका दिसणं ही त्याची एक खूण. झीज वरवर असेल तर हिरडी उचलून, खरवडून, भरून दात राहतो. खोल गेली असेल तर नाही.

शस्त्रक्रियेआधी स्वतःची औषधं सगळी सांगा, दाताशी संबंध नाही असं वाटलं तरी. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट, वर्षाचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइन किंवा सहा महिन्यांचं डेनोसुमॅब चालू असेल, तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत घेतलेली असतील किंवा जबड्यावर रेडिएशन झालं असेल तर तो आणखी वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं, हृदयातल्या स्टेंटमध्ये झालेली गुठळी तशी थांबत नाही. ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं. साखर ताब्यात नसेल तर आधी ती आणा.

नंतरचे दोन-तीन दिवस घरातल्या सल्ल्यांना तोंड द्यावं लागतं. आपल्याकडे गाल सुजला की पहिला हात तव्यावर तापवलेल्या फडक्याकडे जातो. शेक द्यायचा नाही. पहिल्या दिवशी बर्फ रुमालात गुंडाळून बाहेरून, दहा-पंधरा मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ थांबायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, मग उतरते. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरायची नाही. मऊ भात, खिचडी, लापशी खायची, निवलेली. टाके बघायला ओठ वर उचलण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्यानेच टाके सुटतात. वरच्या दाढेची शस्त्रक्रिया झाली असेल तर नाक जोरात शिंकरू नका. आणि मिश्री लावणाऱ्यांना वेगळं सांगायला लागतं: ‘हिरडीला बरं वाटतं’ म्हणून जखमेवर भाजलेली तंबाखू चोळली तर जखम भरायची राहते. टाके साधारण तीन ते सात दिवसांत निघतात. तोवर बहुतेक लोक पुन्हा कामावर जाऊ लागलेले असतात.

पुळी दोन आठवड्यांत दिसेनाशी होते. म्हणून काम झालं असं नाही. हाड मंद गतीने भरतं. सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढायचा, आणि जुन्या फिल्मशेजारी ठेवून बघायचा. डाग लहान होत असेल तर वाट पाहायची, काही वेळा पूर्ण भरायला दोन वर्षंही लागतात. ज्या ठिकाणी बिघाडाने हाड पुढून मागे आरपार खाल्लेलं असतं, तिथे हाडाऐवजी घट्ट तंतूंचा व्रण तयार होतो आणि फिल्मवर छोटा काळा ठिपका कायमचा राहतो. तो आजार नव्हे. पण पाच वर्षांनी दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांना हे कसं कळणार? त्यांना ठिपका दिसेल आणि ते पुन्हा उपचार सुचवतील. तेव्हा शस्त्रक्रियेच्या आधीचा, लगेच नंतरचा आणि वर्षाने काढलेला एक्स-रे, आणि बायोप्सीचा कागद, हे एकत्र मोबाइलमध्ये आणि फाइलमध्ये दोन्हीकडे जपून ठेवा, आणि त्या दातावर कोणी हात ठेवण्याआधी दाखवा.